‘मॅडम, माझं झालं!’



दोनशिक्षकी शाळेत शिकवणाऱ्यांना वरचं वाक्य कुठून आलं ते सांगायला नको. तिसरीला गणित सोडवायला दिलेलं असतं, चौथीला परिच्छेद समजावणं चालू असतं, आणि मध्येच मागून आवाज येतो, ‘मॅडम, माझं झालं!’ पाठोपाठ दुसरा, तिसरा. वह्या टेबलावर येऊन पडतात. ज्याचं आधी झालं त्याची वही खाली, ज्याचं शेवटी झालं त्याची वर. हा गठ्ठा हजेरीपटाप्रमाणे लागलेला नसतो हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय, की वही उचलली की हात आपोआप आधी वरचं नाव बघतो.

यंदा मात्र एकदा मी नाव बघितलं नाही. वह्या नव्हत्या म्हणून बघितलं नाही. समोर लॅपटॉपने काढलेली आकड्यांची यादी होती. त्या चुकीची किंमत दोन लेकरांनी मोजली. ते आज लिहायचं आहे. आणि त्यासोबत ज्या साधनामुळे हे घडलं (म्हणजे खरं तर माझ्यामुळे घडलं, साधनाचा दोष नाही), त्याचीही ओळख करून द्यायची आहे. कारण साधन खरोखर चांगलं आहे आणि फुकट आहे.

मी राहते चितेगावला, पैठण रोडवर. यंदा बदली होऊन आले ती शाळा तिथून आत, एका वस्तीवर आहे. पहिली ते चौथी, पट ४१. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पटाला दोन शिक्षक, त्यामुळे आम्ही दोघंच. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडे.

नवीन शाळा, नवीन मुलं. कोण कुठे आहे ते लवकर कळावं म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी दुसरी ते चौथीच्या ३३ मुलांचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करायचं ठरवलं. प्रत्येकाचं तीन प्रकारचं: शब्दांची यादी, एक उतारा, आणि स्वतःच्या मनाने सांगितलेली गोष्ट. वर्गावर पत्रे आहेत, पाऊस आला की काही ऐकू येत नाही. म्हणून पोषण आहाराच्या खोलीत बसलो. तांदळाची पोती रचलेली असल्यामुळे तिथे आवाज घुमत नाही. एकेक मूल यायचं, पोत्यावर बसायचं, वाचायचं. एकेकाला पाच मिनिटं धरली तरी पावणेतीन तास. चार दिवसांत झालं.

आता माझ्याकडे ९९ ध्वनिफिती होत्या. कुठे पंख्याची घरघर, कुठे बाहेर कोंबडा, कोणाचा आवाज मोठा, कोणाचा एकदम बारीक. मला तीन गोष्टी हव्या होत्या. मागचा आवाज कमी करायचा, सगळ्यांचा आवाज एकसारखा करायचा, आणि फाईल लहान करायची, म्हणजे पालकांच्या मोबाईलवर पाठवता येईल. शिवाय उतारा वाचायला कोणाला किती सेकंद लागले त्याची यादी. तिसरीचा उतारा ९० शब्दांचा होता. ‘निपुण भारत’मध्ये तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं धरलंय. सेकंद कळले की भागाकार सोपा.

माझा लॅपटॉप जुना आहे. विंडोज चालेना म्हणून धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी त्यावर लिनक्स टाकून दिलं. त्याच्यामुळेच मला ‘टर्मिनल’ कळलं. ही एक काळी खिडकी असते. तिच्यात माऊसने चित्रावर टिचकी मारायची नसते, आज्ञा टाईप करायची असते. आधी भीती वाटते. पण विचार करा, ९९ फाईली एकेक उघडून, एकेक बटण दाबून, एकेक सेव्ह करायची, की एक ओळ लिहून सगळ्यांना लावायची? ध्वनीच्या कामासाठी ‘एफएफएमपेग’ नावाचा प्रोग्रॅम आहे. तो या खिडकीतून चालतो.

मी एक फाईल करून बघितली. जुन्या लॅपटॉपला सरासरी वीस सेकंद लागत होते. ९९ फाईली म्हणजे ३३ मिनिटं. तेवढा वेळ थांबता आलं असतं, पण आपला स्वभाव! चार वर्ग एकाच वेळी चालवणारी बाई लॅपटॉपला एका वेळी एकच काम कसं करू देईल?

पहिला प्रयोग फसला. आज्ञेच्या शेवटी ‘आणि’चं चिन्ह, ते इंग्रजी आठासारखं दिसणारं, टाकलं की लॅपटॉप ते काम मागे ढकलून लगेच पुढचं घेतो. मी सगळ्या फाईलींना ते लावलं. ९९ कामं एकदम सुटली. पंखा विमानासारखा वाजायला लागला, माऊस हलेना, शेवटी बटण दाबून बंदच करावा लागला. अख्ख्या शाळेला ‘या रे, वह्या दाखवा’ म्हटल्यावर टेबलाचं जे होतं तेच झालं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, पॅरलल वापर ना.’

‘ग्नू पॅरलल’ हे त्या प्रोग्रॅमचं नाव. डेन्मार्कच्या ओले टँगे यांनी तो पर्ल भाषेत लिहिलाय आणि २०१० पासून तो ग्नू प्रकल्पाचा अधिकृत भाग आहे. ग्नू म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प. पॅरललचं काम एकच. तुम्ही त्याला एक आज्ञा द्यायची आणि एक यादी द्यायची. यादीतल्या प्रत्येक नावाला तो ती आज्ञा लावतो, पण सगळी कामं एकदम सोडत नाही. लॅपटॉप जेवढी झेपवू शकतो तेवढीच एका वेळी चालू ठेवतो. एक संपलं की यादीतलं पुढचं घेतो. थोडक्यात, पॅरलल टेबलासमोर रांग लावतो आणि एका वेळी चौघांनाच पुढे घेतो.

चौघांनाच का? माझ्या लॅपटॉपला कोअर दोनच आहेत, पण प्रत्येक कोअर एका वेळी दोन धागे सांभाळतो. म्हणून लॅपटॉपला वाटतं आपल्याला चार हात आहेत. आपण काही सांगितलं नाही तर पॅरलल तेवढीच कामं एका वेळी घेतो. दोनच घे असंही सांगता येतं. माझा लॅपटॉप तापतो तेव्हा मी दोनच सांगते.

आज्ञेचं रूप शब्दांत सांगते. आधी ‘पॅरलल’, मग जे काम करायचं ते, आणि त्यात जिथे फाईलचं नाव यायला हवं तिथे रिकामा महिरपी कंस. म्हणजे आपण प्रश्नपत्रिकेत गाळलेली जागा ठेवतो तसं. मग विसर्गासारखं चिन्ह तीन वेळा, आणि त्यापुढे यादी. यादीतलं एकेक नाव त्या गाळलेल्या जागेत बसत जातं. माझ्या फाईलींची नावं म्हणजे यादीतला क्रमांक, मोकळी जागा, मग मुलाचं नाव. त्या मोकळ्या जागेमुळे आधीच्या माझ्या खटपटीत एका फाईलचे दोन तुकडे होऊन ‘अशी फाईलच नाही’ असं उत्तर यायचं. पॅरलल ते नीट सांभाळतो. एका नावाला एकच समजतो.

‘ड्राय रन’ नावाची सोय मला फार आवडली. ती लावली की पॅरलल काहीच करत नाही, फक्त ‘मी हे हे करणार आहे’ असं ओळीने लिहून दाखवतो. वर्गात जाण्याआधी काढलेलं टाचणच ते! टाचण काढायचा कंटाळा मलाही आहे, पण इथे ते खरंच वाचावं. दुसरी सोय लाईट जाणाऱ्या गावासाठी. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलीय. लाईट गेली की सगळं बंद. पॅरललला कामाची नोंदवही ठेवायला सांगितली तर कोणतं काम केव्हा सुरू झालं, किती वेळ चाललं, नीट झालं की नाही, सगळं तो लिहून ठेवतो. लाईट आल्यावर ‘पुढे चालू’ म्हटलं की नोंदवहीतली झालेली कामं सोडून पुढची घेतो. पहिल्या रात्री लाईट दोनदा गेली, मला काही वाटलंही नाही.

आणखी एक गंमत. पहिल्यांदा चालवला की तो एक विनंती दाखवतो. तुम्ही हे साधन वापरून संशोधनाचा लेख लिहिलात तर माझ्या लेखाचा उल्लेख करा, अशी. काही लोकांना याचा राग येतो म्हणे. मला नाही आला. आपल्या कार्यपत्रिका खालचं नाव कापून गटागटांत फिरताना आपण रोज बघतो. ज्याने रात्री जागून केलं त्याने ‘नाव तेवढं राहू द्या’ म्हटलं तर चुकलं काय?

आता थोडं विषयांतर, पण शिष्यवृत्तीच्या मुलांना सांगायला उपयोगी आहे. भारताचा पहिला महासंगणक कोणता? ‘परम’. कोणी तयार केला? डॉ. विजय भटकर. डी.एड.ला असताना, नंतर टीईटीला हे मी किती वेळा पाठ केलं असेल. भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे आणि परम ८००० पुण्यात १९९१ मध्ये तयार झाला, एवढंही माहीत होतं. पण ‘परम’ हे नाव ‘पॅरलल मशीन’ या शब्दांपासून केलंय हे मला यंदा कळलं! आपण त्याचा अर्थ ‘परमश्रेष्ठ’ एवढाच धरत होतो. तोही त्यात आहेच. त्या काळात भारताला अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. एक प्रचंड वेगवान प्रोसेसर करण्याच्या मागे न लागता त्यांनी ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि काम सगळ्यांत वाटून दिलं. एक पैलवान मिळत नसेल तर गावातली पन्नास माणसं लावून गाडा ओढायचा, असं काहीसं. पॅरलल हा प्रोग्रॅम त्यापुढे अगदीच लहान आहे, पण कल्पना तीच.

मात्र पन्नास माणसं लावली म्हणून काम पन्नासपट लवकर होत नाही. जीन अ‍ॅमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हे मांडलं, आणि आता ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तो जेवढा वेळ खाईल, त्याच्याखाली तुम्ही जाऊच शकत नाही. माझाच हिशोब बघा. रेकॉर्डिंग १६५ मिनिटं, लॅपटॉपचं काम ३३ मिनिटं, एकूण १९८. लॅपटॉपचं काम पॅरललने १५ मिनिटांत झालं. (चार हात असूनही सव्वाआठ मिनिटांत नाही झालं, कारण खरे कोअर दोनच.) उद्या हजार कोअरचा संगणक दिला आणि ते काम चुटकीसरशी झालं, तरी १६५ मिनिटं राहणारच. तीन मुलांना एकदम पोत्यांवर बसवून एका मोबाईलवर वाचून घेता येत नाही.

खरं सांगायचं तर १८ मिनिटं वाचवायला मी दोन रात्री घालवल्या. नवरा सेकंड शिफ्ट करून रात्री आला तेव्हाही मी त्या काळ्या खिडकीसमोर बसलेली. ‘झालं का?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘झालं, एकदम झालं सगळं!’ मला इतका आनंद झाला होता की विचारू नका.

आणि इथेच चूक झाली.

उताऱ्याच्या ३३ फाईलींना मी अशी आज्ञा दिली होती: आवाज साफ कर, लहान फाईल बनव, आणि झालं की ती किती सेकंदांची आहे तो आकडा लिही. नुसता आकडा. ३३ आकड्यांची एक ओळीखाली ओळ यादी आली. ती उचलून मी तक्त्यात मुलांच्या नावांशेजारी चिकटवली. पहिला आकडा पहिल्या नावाला, दुसरा दुसऱ्या. नावं ३३, आकडे ३३. जुळलं.

पण जुळलं नव्हतं. पॅरलल एका वेळी चार कामं करतो आणि ज्याचं आधी होतं त्याचं उत्तर आधी लिहितो. ‘मॅडम, माझं झालं!’ आकडे हजेरीपटाप्रमाणे नव्हते, काम संपण्याच्या क्रमाने होते. लिनक्समध्ये ‘एक्सआर्ग्ज’ नावाची जुनी आज्ञा आहे. तिलाही एकाच वेळी अनेक कामं सांगता येतात, पण तिथे दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळू शकतात. पॅरलल निदान एकाचं उत्तर पूर्ण लिहून मगच दुसऱ्याचं लिहितो. एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, हा वर्गाचा नियम तो पाळतो. पण कोणी आधी बोलायचं हे आपण सांगितलं नसेल तर तो काय करणार?

यातली वाईट गोष्ट ही की गोंधळ फार मोठा दिसत नाही. चारच कामं एका वेळी चालतात म्हणून आकडा फार लांब जात नाही, शेजारीपाजारी सरकतो. सगळे आकडे उलटेपालटे झाले असते तर दुसरीतलं मूल चौथीतल्यापेक्षा हुशार दिसलं असतं आणि मला लगेच शंका आली असती. इथे यादी अगदी खरी वाटत होती.

तिसरीतली तीन मुलं, यादीत १७, १८, १९. सतरा नंबरची मुलगी उतारा वाचायला २२० सेकंद घेते, म्हणजे मिनिटाला जेमतेम २५ शब्द. अठराचे ९६ सेकंद, एकोणीसचे ८२. सतराची फाईल मोठी, म्हणून तिचं काम मागे रेंगाळलं. तेवढ्यात अठराचं झालं, एकोणीसचं झालं, मग तिचं. यादीत क्रम आला ९६, ८२, २२०. म्हणजे सतराला अठराचे ९६ मिळाले, अठराला ८२, आणि एकोणीसच्या नावापुढे २२०. अठरा नंबरला काही फरक पडला नाही. पडला तो बाकी दोघांना.

त्या यादीवरून मी जुलैच्या मध्यात गट केले. सतरा नंबर ‘स्वतः वाचणारे’ गटात गेली. वाचनकोपऱ्यातलं पुस्तक घ्यायचं आणि आपलं आपण वाचायचं. एकोणीस नंबर माझ्या टेबलाजवळ, बाराखडी आणि साध्या शब्दांच्या गटात आला.

तुम्ही विचाराल, वर्गात कळलं नाही का? हाच प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारलाय. मुलगी शांत. पुस्तक उघडून बसायची, पान उलटायची, तक्रार नाही. मला वाटायचं, किती छान वाचत बसते. मुलगा एक नंबरचा खोडकर. टेबलाजवळ बसून सोपे शब्द वाचायचा त्याला कंटाळा यायचा, म्हणून आणखी खोड्या करायचा. मला वाटायचं, याचं लक्षच नाही, मग वाचन कसं येणार? आकडा आणि माझा समज एकमेकांना टेकून उभे होते.

१५ ऑगस्टनंतरच्या शनिवारी पालकसभा झाली. मुलाचे वडील चितेगावातल्या एका कंपनीत कामाला आहेत. खाडा करून आले होते. मी तक्ता दाखवून म्हटलं, ‘भाऊ, ९० शब्द वाचायला पावणेचार मिनिटं लागतात याला. घरी जरा लक्ष द्या.’ मुलगा शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. वडीलही काही बोलले नाहीत, फक्त त्याच्याकडे बघितलं. ते बघणं मला तेव्हा कळायला हवं होतं.

मुलीची आई आली होती, तिला मी म्हटलं, ‘छान वाचते तुमची पोरगी.’ ती इतकी खूश झाली!

बुधवारी रात्री मी पालकांना ध्वनिफिती पाठवायला बसले. फाईलींची नावं बरोबर होती, कारण प्रत्येक फाईल आपापल्या नावानेच तयार झाली होती. पाठवण्याआधी सहज एकोणीस नंबरची लावली. मुलगा घडाघडा वाचत होता. मध्ये पूर्णविरामाला थांबत होता, प्रश्नचिन्हाला आवाज चढवत होता. खाली लिहून आलं, १ मिनिट २२ सेकंद. माझ्या तक्त्यात २२०. आधी वाटलं फाईल चुकली. पुन्हा ऐकलं, आवाज त्याचाच. मग सतरा नंबरची लावली. अक्षर अक्षर जोडत, जोडाक्षरापाशी अडकत, मध्येच नाक ओढत, ती पोरगी ३ मिनिटं ४० सेकंद लढत होती. मी ते पूर्ण ऐकलं. जुलैमध्ये ती वाचत असताना मी समोर बसलेली होते, पण त्या दिवशी माझं लक्ष मोबाईलवर होतं, रेकॉर्डिंग चालू आहे ना, एवढ्यावर.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका लहान निघाला. आज्ञेत वजाचं चिन्ह आणि इंग्रजी ‘के’ अक्षर टाकायचं. ‘कीप ऑर्डर’, क्रम राख. मग पॅरलल कामं त्याच वेगाने करतो, पण उत्तरं यादीच्या क्रमाने देतो. म्हणजे वह्या कशाही क्रमाने येऊ देत, टेबलावर ठेवताना हजेरीपटाप्रमाणे लावून ठेवतो. ते टाकून पुन्हा चालवलं आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. ३३ पैकी १४ आकडे जागेवरून हललेले होते. बहुतेक एकदोन जागा. त्यातल्या बऱ्याच जणांचे आकडे जवळपासच होते, म्हणून गट बदलले नाहीत. या दोघांचेच बदलले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलाला टेबलाजवळून उठवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘माझ्या यादीत चूक झाली होती. तू चांगला वाचतोस.’ तो म्हणाला, ‘मला माहीत होतं.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘लॅपटॉपमध्ये होतं ना, मॅडम.’

संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला पैठण रोडच्या चहाच्या टपरीवर त्याचे वडील भेटले. मी स्कूटी बाजूला लावली आणि सगळं सांगितलं. सांगताना घसा कोरडा पडला होता. ते ऐकत होते. मग म्हणाले, ‘मॅडम, मी त्याला चार दिवस खेळायला जाऊ दिलं नाही. लई बोललो त्याला. शनिवारी रात्री न जेवताच झोपलं लेकरू.’

मी म्हटलं, ‘भाऊ, चूक माझी आहे.’

‘नाही, तुम्ही येऊन सांगितलं ते बरं झालं.’ थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, ‘पण त्या आकड्यावर नाव नव्हतं का? आमच्या लाईनवर एकेका पीसला टॅग असतो. टॅग सुटला की तो पीस बाजूला काढायचा, मग तो किती का चांगला असंना.’

त्या रात्री मी पॅरललची माहिती पहिल्यापासून वाचली. क्रम राखण्याची सोय मी शोधली होती, पण त्याच्याही पुढची सोय त्यात होतीच, आणि तिचं नावच ‘टॅग’. ती लावली की प्रत्येक उत्तराच्या आधी ते उत्तर कोणत्या नावाचं आहे ते लिहून येतं. मग क्रम कसाही येऊ दे. आता मी टॅगशिवाय एकही यादी काढत नाही. जे कोणी ही साधनं वापरत असतील, ऑनलाईन चाचण्यांचे निकाल एका तक्त्यातून दुसऱ्यात चिकटवत असतील, त्यांनी एवढं जरूर बघा की आकड्याबरोबर नाव आलंय का. नुसता आकड्यांचा रकाना उचलू नका. त्यासाठी लिनक्स असायलाच हवं असं नाही.

सतरा नंबरचं सांगायचं राहिलं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, पाच आठवडे ती न येणारी पुस्तकं उघडून बसली होती. तिच्या घरचे ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास गाडी येते आणि ही लेकरं मार्च-एप्रिलपर्यंत दिसत नाहीत. आमच्या हातात चार महिने होते, त्यातले पाच आठवडे मी घालवले.

मग रोज मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं तिची. चौथीला उदाहरणं द्यायची, तिसरीला चित्रवर्णन, आणि ती माझ्याशेजारी. पहिले काही दिवस तोंडच उघडेना. ‘तुमची पोरगी छान वाचते’ असं आईला सांगितल्यावर आता वाचता येत नाही हे उघडं पडेल, याची तिला धास्ती होती. आईलाही जाऊन खरं सांगावं लागलं. आई म्हणाली, ‘मला वाटलंच व्हतं मॅडम, घरी तर पुस्तकाला हात लावत नाही.’ जोडाक्षरांवर गाडी अडायची. मग आम्ही तिच्या माहितीतले शब्द घेतले: कोयता नको, त्यात जोडाक्षर नाही. ट्रॅक्टर, मुक्काम, गव्हाण, चिठ्ठी, उचल नको, हप्ता, खुट्टी. ‘ट्रॅक्टर’ जमला त्या दिवशी तिने तो फळ्यावर दहा वेळा लिहिला.

ऑक्टोबरमध्ये गाडी यायच्या आदल्या दिवशी तांदळाच्या पोत्यांवर बसून तोच उतारा पुन्हा रेकॉर्ड केला. या वेळी मोबाईल बाजूला ठेवून मी तिच्याकडे बघत बसले. १५१ सेकंद. मिनिटाला ३६ शब्द. निपुणच्या ६० पासून अजून लांबच. तिला शिक्षण हमी कार्ड दिलं, दोन गोष्टीची पुस्तकं दिली, आणि आईच्या मोबाईलवर दोन्ही ध्वनिफिती पाठवल्या, जुलैची आणि ही.

नोव्हेंबरात एकदा रात्री साडेनऊला आईच्या नंबरवरून आवाजी निरोप आला. कोपीवरून. ती त्यातल्याच एका पुस्तकाचं पान वाचत होती, हळूहळू. एका शब्दापाशी थांबली, मागे कोणीतरी ‘आगं वाच की’ म्हणालं, आणि तिने तो शब्द वाचला. सगळ्यात मागे ट्रॅक्टर चालू होता. मी त्या फाईलला तिचा नंबर आणि नाव देऊन ठेवली आहे. ट्रॅक्टरचा आवाज काढलेला नाही.